चिमणी लावली की ओव्हन का विझतो?

ओव्हन पेटतो, दहा-पंधरा मिनिटे उत्तम चालतो आणि मग कोणी हात न लावता विझतो. नॉब दाबून पुन्हा पेटवला तर पेटतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. दुरुस्तीसाठी माणूस बोलवावा, तर त्याच्यासमोर मात्र तो गुणी बाळासारखा अर्धा तास अखंड जळत राहतो. कारागीर बर्नर पुसतो, पैसे घेतो आणि निघून जातो. रविवारी नातवंडांसाठी नानकटाई करायला घ्यावी, तर पहिलेच ताट अर्धकच्चे निघते. कुकिंग रेंज वापरणाऱ्या घरांतील ही तक्रार जुनीच आहे. तिचा बारकाईने माग काढला, तर अनेकदा एक साधी गोष्ट हाती लागते. कारागीर आला तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि चिमणी बंद होती. रविवारी खिडकी बंद होती आणि चिमणी पूर्ण वेगाने चालू होती.

अशा वेळी दोष ओव्हनचा नसतो, घरातील हवेचा असतो. आरोग्यविषयक पाक्षिकात शेगडीची चर्चा कशाला, असे कोणाला वाटेल. पण जी हवा ओव्हनच्या ज्योतीला कमी पडते, तीच हवा त्या घरातील माणसेही श्वासावाटे घेत असतात. आणि घरात सर्वांत जास्त वेळ कोण असते? निवृत्त आजी-आजोबा, अंथरुणाला खिळलेले रुग्ण आणि त्यांची शुश्रूषा करणारे. वारा बाधतो, डास येतात, कबुतरे घुसतात, धूळ बसते, अशा सगळ्या रास्त कारणांनी खिडक्या सर्वाधिक बंद राहतात त्याही त्यांच्याच घरांत.

‘चिमणी’ हा शब्द मराठीत मोठा कष्टाळू आहे. अंगणातला पक्षी, रॉकेलचा लहान दिवा, गिरणीचे उंच धुराडे आणि आता शेगडीच्या डोक्यावर बसवलेले विजेचे यंत्र, इतक्या सगळ्यांचा भार तो वाहतो. जुन्या कौलारू घरातील चुलीवर धुराडे असे, तेव्हा वर गेलेल्या धुराची जागा घ्यायला दाराच्या फटींतून, कौलांच्या सांध्यांतून, मागच्या पडवीतून हवा आपसूक आत येई. त्याचा कोणी हिशेब ठेवत नसे आणि ठेवण्याची गरजही नव्हती. आजच्या सदनिकेत सरकत्या काचा घट्ट बसतात, दाराला रबराची पट्टी असते आणि धूर बाहेर ओढायला मात्र मोटार असते. हवा बाहेर टाकण्याची सोय आपण विकत घेतली. ती आत येण्याची सोय कोणी केली नाही.

थोडा हिशेब

बाजारात मिळणाऱ्या चिमण्यांच्या खोक्यावर ताशी १००० किंवा १२०० घनमीटर असा आकडा छापलेला असतो. आता ८ फूट रुंद, १० फूट लांब आणि साडेनऊ फूट उंच असे स्वयंपाकघर घ्या. त्यात मावणारी हवा जेमतेम २१-२२ घनमीटर भरते. खोक्यावरचा आकडा खरा धरला, तर ती चिमणी तासाला सुमारे पन्नास वेळा ते स्वयंपाकघर रिकामे करू पाहते. नळीची वळणे, तेलकट जाळ्या यांमुळे प्रत्यक्षात निम्मीच हवा खेचली जाते असे मानले, तरी दर दोन-अडीच मिनिटांना खोलीतील सगळी हवा बदलायला हवी. दारे-खिडक्या बंद असतील तर ती येणार कोठून? मिळेल तेथून. मुख्य दाराखालच्या फटीतून, बाथरूमच्या झरोक्यातून, इमारतीच्या सामाईक डक्टमधून. जी वाट हवा बाहेर जाण्यासाठी ठेवली होती, त्याच वाटेने ती उलटी आत शिरते.

दुसरीकडे गॅसलाही हवा लागते. सिलिंडरमधील गॅस हा प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. त्याचा एक भाग पूर्ण जळण्यासाठी सुमारे पंचवीस ते तीस भाग हवा लागते. पाइपातून येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो, त्याला सुमारे दहा भाग हवा पुरते. ती कमी पडली किंवा ज्योत झोताने विस्कटली, तर गॅस अर्धवट जळतो. मग काजळी धरते आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

पूर्ण ज्वलनातूनही काही निघत नाही असे नाही. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपेपर्यंत त्यातून सुमारे २२ लिटर पाणी वाफेच्या रूपाने घरात येते. हिवाळ्यात खिडकीच्या काचांना आतून सुटणारा घाम आणि ओट्यावरच्या भिंतीची बुरशी यांत या पाण्याचा मोठा वाटा असतो. दम्याच्या रुग्णाला ती बुरशी सोसत नाही. म्हणून चिमणीच नको, असा निष्कर्ष कोणी काढू नये. ती हवीच, फक्त तिला ओढायला हवा द्यायला हवी.

ओव्हनच आधी का विझतो?

वरच्या शेगडीची ज्योत डोळ्यांसमोर असते. ओव्हनचा बर्नर तळाच्या पत्र्याखाली दडलेला असतो. तो खालच्या फटींतून हवा घेतो आणि जळलेली हवा मागच्या किंवा वरच्या झरोक्यातून सोडतो. ज्योतीच्या टोकाशी धातूची एक बारीक कांडी असते, तिला थर्मोकपल म्हणतात. ती तापली की काही मिलिव्होल्ट एवढी नाममात्र वीज निर्माण होते आणि त्या विजेवर एक चुंबकी झडप उघडी राहते. ज्योत विझली की कांडी निवते, वीज थांबते, झडप मिटते आणि गॅस बंद होतो. ओव्हन पेटवताना नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो, तो ही कांडी तापावी म्हणून.

थर्मोस्टॅट असलेल्या ओव्हनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. आतील उष्णता ठरलेल्या अंशापर्यंत पोचली की ज्योत आपोआप लहान होते. हे व्हायला साधारण दहा-पंधरा मिनिटे लागतात. सुरुवातीची मोठी ज्योत झोताला दाद देत नाही. लहान झालेली ज्योत मात्र चिमणीने ओढलेल्या वाऱ्यापुढे डळमळते, कांडीपासून बाजूला सरकते. कांडी निवते आणि झडप मिटते. कांडी जुनी, काजळी धरलेली असेल तर हे आणखी लवकर घडते. ओव्हन ‘आपोआप’ विझतो त्याचे कोडे असे उलगडते. खरे पाहता तो विझून आपले रक्षण करत असतो.

म्हणूनच एक इशारा येथेच देऊन ठेवतो. वारंवार विझणाऱ्या ओव्हनवर काही कारागीर सोपा उपाय सुचवतात: ही झडप कायमची उघडी करून टाकू, मग त्रास नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या आजींना नॉब दाबून धरणे अवघड जाते, त्यामुळे हा उपाय सोयीचाही वाटतो. तो कदापि मान्य करू नये. झडप निकामी केली की विझलेल्या ओव्हनमधून गॅस येतच राहतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. वाढत्या वयात गंधाची जाणीव मंदावते. गॅसला मुद्दाम दिलेला तो उग्र वास सत्तरीतल्या नाकाला उशिरा कळतो, कधी कळतही नाही. नॉब दाबणे जमत नसेल, तर ओव्हन पेटवण्यापुरती दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी.

दोष कोणाचा, हे घरच्या घरी कसे ओळखावे

ही पडताळणी दिवसा करावी, घरात एखादी तरुण, धडधाकट व्यक्ती असताना करावी आणि त्या वेळी गॅस गीझर बंद असावा. गॅसचा वास येत असेल तर पडताळणीचा विचारही करू नये. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

ओव्हन नेहमीच्या उष्णतेवर लावून आधी चिमणी बंद आणि खिडकी उघडी ठेवून वीस-पंचवीस मिनिटे पाहावे. मग ओव्हन निवू द्यावा आणि दुसऱ्यांदा चिमणी पूर्ण वेगाने, दारे-खिडक्या बंद, असे करावे. तिसऱ्यांदा चिमणी तशीच ठेवून शेजारच्या खोलीची खिडकी वीतभर उघडावी. केवळ दुसऱ्या वेळी ओव्हन विझला, तर दोष हवेचा. तिन्ही वेळा विझला, तर थर्मोकपल, बर्नरची छिद्रे, थर्मोस्टॅट किंवा गॅसचा दाब पाहायला हवा आणि ते काम अधिकृत कारागिराचेच आहे. ओव्हन विझल्यावर लगेच पुन्हा पेटवू नये. नॉब बंद करून, ओव्हनचे दार उघडे ठेवून पाच मिनिटे जाऊ द्यावीत. साचलेला गॅस एकदम पेटला की भडका तोंडावर येतो.

खिडकी ‘शेजारच्या खोलीची’ का, हेही सांगायला हवे. शेगडीला लागून असलेली खिडकी उघडली तर वारा खिडकीतून निघून थेट चिमणीत जातो, वाटेत ज्योतीला फटकारतो आणि उरलेल्या खोलीला त्याचा उपयोग होत नाही. हवा लांबून, संथपणे यावी. स्वयंपाकघरातला भिंतीवरचा एक्झॉस्ट पंखा आणि चिमणी एकाच वेळी चालवणेही इष्ट नाही; दोघे एकाच हवेसाठी भांडतात आणि त्यांतला दुबळा हरतो, म्हणजे त्याच्या वाटेने बाहेरची हवा उलटी आत येते.

हवेची दिशा दाखवणारे सर्वांत स्वस्त उपकरण देवघरात असते. चिमणी पूर्ण वेगाने चालू ठेवून, खिडक्या बंद करून, मुख्य दार दोन बोटे उघडावे आणि त्या फटीशी उदबत्ती धरावी. धूर जोराने आत खेचला गेला, तर घर हवेसाठी तहानलेले आहे. तीच उदबत्ती बाथरूमच्या झरोक्यापाशी न्यावी. धूर बाहेर जाण्याऐवजी आत वळत असेल, तर त्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे का, हा प्रश्न ताबडतोब विचारावा.

ज्योतीचा रंगही बोलतो, पण तो जपून वाचावा. निळी, स्थिर ज्योत चांगली. मधूनच नारिंगी ठिणग्या दिसल्या तर घाबरू नये; उतू गेलेल्या डाळीतले मीठ किंवा हवेतील धूळही ज्योत पिवळी करते. सतत पिवळी, लांब, आळसावलेली ज्योत आणि भांड्यांच्या बुडाला धरणारी काजळी हे मात्र अपूर्ण ज्वलनाचे भरवशाचे लक्षण. सिलिंडर सोडून पाइपचा गॅस घेतल्यानंतर हे सुरू झाले असेल, तर जेट बदलले गेले की नाही ते विचारावे. दोन्ही गॅसचे जेट वेगळे असतात आणि एकावरचे दुसऱ्यावर चालवता येत नाहीत.

खरा धोका बाथरूममध्ये

चिमणीमुळे ओव्हन विझणे ही गैरसोय आहे. तिच्यामुळे गॅस गीझरचा धूर उलटा फिरणे हा जिवाचा प्रश्न आहे. साधा गॅस गीझर खोलीतीलच हवा घेतो आणि जळलेली हवा नळीने किंवा झरोक्याने बाहेर जाईल या भरवशावर चालतो. स्वयंपाकघरात चिमणी त्याच वेळी घरातील हवा ओढत असेल, तर ती जळलेली हवा बाहेर न जाता घरात परतते. दर हिवाळ्यात बंद न्हाणीघरात कोणी बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. माझे मत विचाराल तर वृद्धांच्या घरात, बाथरूमच्या आत, गॅस गीझर असूच नये. तो बाहेर मोकळ्या हवेत बसवावा किंवा विजेचा घ्यावा. तोवर आंघोळ आणि चिमणी यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात आणि गीझर चालू असताना न्हाणीघराचे दार आतून लावून बसू नये. पाणी बादलीत भरून, गीझर बंद करून मग स्नान करावे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवतो. सुरुवातीला डोके दुखते, गरगरते, मळमळते, पाय गळून जातात. हृदयविकार असलेल्याला छातीत दुखू लागते. वृद्ध व्यक्तीत कधी पहिले लक्षण गोंधळ हेच असते: आज वार कोणता, हे सांगता येत नाही, बोलणे असंबद्ध होते. यांतली प्रत्येक गोष्ट ‘बीपी वाढले असेल’, ‘पित्त झाले’, ‘वयच झाले आता’ या तीन वाक्यांत खपून जाते. शुश्रूषा करणाऱ्याने म्हणून थोडे शोधक व्हावे. डोकेदुखी स्वयंपाकाच्या किंवा आंघोळीच्या वेळेलाच येते का? बाहेर फेरफटका मारला, देवळात जाऊन आले, की उतरते का? घरातील दोघांना एकाच दिवशी त्रास झाला का? उत्तर होकारार्थी असेल, तर औषधाच्या गोळीआधी हवेकडे पाहावे.

येथे एक मोठी फसगत होऊ शकते. कोविडच्या काळात घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले आणि बोटावर ९८ दिसले की आपण निश्चिंत होतो. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत हे उपकरण खोटा दिलासा देते. या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि ऑक्सिजनने भरलेले हिमोग्लोबिन यांतला फरक साध्या ऑक्सिमीटरला कळत नाही; दोन्ही त्याला सारखेच लाल दिसतात. शंका असेल तर आकडा पाहत बसू नये. माणसाला मोकळ्या हवेत न्यावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालयात ‘गॅस गीझर चालू होता’ किंवा ‘बंद खोलीत गॅस जळत होता’ हे स्पष्ट सांगावे, म्हणजे रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिन तपासले जाईल. साध्या हवेत या वायूचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. बरे वाटल्यानंतरही काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी विसरभोळेपणा किंवा स्वभावात बदल दिसू शकतो, हे डॉक्टरांच्या पुढील भेटीत लक्षात ठेवावे.

गॅसचा वास आला तर चिमणी लावू नका

वास आला की तो घालवण्यासाठी हात सहज चिमणीच्या बटणाकडे जातो. हीच सवय मोडायला हवी. बटण दाबताना उडणारी बारीकशी ठिणगी भडक्याला पुरते. चिमणी आधीपासून चालू असेल तर बंदही करू नये. दिवा, पंखा, दारावरची घंटा, जे ज्या अवस्थेत आहे ते तसेच राहू द्यावे. शेगडीचे नॉब आणि रेग्युलेटर किंवा पाइपची चावी बंद करावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेर गेल्यावर फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. पाइपच्या गॅसचा तातडीचा क्रमांक बिलावर छापलेला असतो. तो मोठ्या अक्षरांत लिहून मुख्य दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावा, कारण बाहेर पडताना चष्मा हाताशी असेलच असे नाही.

गजर देणारी यंत्रे मिळतात, पण घेताना नीट पाहावे. गॅस गळतीचा गजर कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही; ते वेगळे यंत्र. सिलिंडरच्या गॅसचा गजर जमिनीलगत बसवतात, पाइपच्या गॅसचा छताजवळ, कारण तो वायू हवेपेक्षा हलका असतो. कार्बन मोनॉक्साइडचा गजर साधारण श्वासाच्या उंचीवर, झोपण्याच्या खोलीजवळ लावावा. ऐकू कमी येणाऱ्यांच्या घरी त्याचा आवाज श्रवणयंत्र काढल्यावरही ऐकू येतो का, हे एकदा बटण दाबून पाहावे.

आता चिमणीकडे. आपल्या फोडण्यांपुढे जाळ्या महिन्याभरात तुपकट होतात. गरम पाणी, सोडा आणि साबण यांनी त्या दोन-चार आठवड्यांनी धुवाव्यात. चढून जाळी काढणे हे काम साठीनंतर स्वतः करू नये. स्टुलावरून पडून खुब्याचे हाड मोडणे हा धोका काजळीहून कमी नाही. नळीच्या बाहेरच्या तोंडाला एक हलकी झडप असते, ती तेलाने चिकटली की चिमणी बंद असताना वारा उलटा आत येतो आणि शेगडीची ज्योत हलते. त्याच तोंडाशी कबुतरांचे घरटे आहे का, हेही पाहून घ्यावे. काही घरांत नळी झाकून घेतलेल्या ड्राय बाल्कनीतच सोडलेली आढळते. तेथून सगळा धूर पुन्हा घरातच येतो. नळीशिवायच्या, कोळशाच्या फिल्टरच्या चिमण्या वास कमी करतात, पण वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड बाहेर टाकत नाहीत, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

हवा आत येण्याची सोय कायमची करणे खर्चिक नाही. स्वयंपाकघराच्या दाराच्या खालच्या भागात लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा झरोका सुतार अर्ध्या दिवसात बसवून देतो. त्याला बारीक जाळी लावली की डासही अडतात. दार काढून टाकलेले असेल, तर दिवाणखान्याच्या खिडकीची काच पूर्ण बंद होणार नाही असा लहानसा अडसर रुळात बसवावा. एवढीच फट, पण ती कोणी विसरून बंद करू शकत नाही. चिमणी नेहमी मधल्या वेगावर चालवावी, पूर्ण वेग फक्त फोडणी आणि तळणापुरता ठेवावा, आणि ओव्हन चालू असेल तेव्हा सर्वांत कमी वेग पुरतो. दाराखाली फट ठेवायची असेल तर ती उन्हाळ्यात मोजू नये. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून सुताराला दोन बोटे अधिक सांगावीत.